पाणाड्याचा नारळ आणि परीक्षेतला युक्तिवाद

अमेरिकेत कायदा शिकायला जाणाऱ्यांना सहसा एलसॅट नावाची परीक्षा द्यावी लागते. तिच्यातून ऑगस्ट २०२४ पासून ‘लॉजिक गेम्स’ हा विभाग गेला. कोण कोणाशेजारी बसलंय, कोणाची पाळी कोणत्या वारी, अशी ती कोडी असत. आता ज्या तीन विभागांचे गुण धरले जातात, त्यांपैकी दोन विभाग केवळ युक्तिवाद पारखण्याचे आहेत. त्याच सुमारास जीमॅट या व्यवस्थापनाच्या प्रवेश परीक्षेनेही वाक्यदुरुस्तीचे प्रश्न काढून टाकले. तिथल्या भाषेच्या विभागात आता उतारे आणि युक्तिवाद एवढंच उरलंय, ४५ मिनिटांत २३ प्रश्न. आपल्याकडची कायद्याची प्रवेश परीक्षा क्लॅट २०२० पासून उताऱ्यांवर आली, आणि बँकांच्या परीक्षांत तर युक्तिवादाचे प्रश्न कित्येक वर्षं आहेत.

म्हणजे ज्या प्रश्नांना मुलं सर्वात जास्त घाबरतात, नेमके तेच वाढताहेत. कोणतं विधान युक्तिवाद बळकट करतं आणि कोणतं कमकुवत, असे हे प्रश्न मी शिकवतो. गणितात पैकीच्या पैकी मिळवणारी मुलं इथे अडखळतात आणि जवळजवळ सगळ्यांची तक्रार एकच असते: ‘सर, सगळेच ऑप्शन बरोबर वाटतात.’

ती तक्रार खरी आहे. ऑप्शन मुद्दाम तसेच रचलेले असतात. पण या प्रश्नांच्या आत एक साधी रचना आहे. ती एकदा दिसली की त्यांची भीती बरीच कमी होते.

आधी तीन शब्द

परीक्षेतला युक्तिवाद म्हणजे भांडण नव्हे. कोणीतरी काही माहिती देतो आणि तिच्यावरून आपल्याला एक गोष्ट पटवू पाहतो, एवढाच त्याचा अर्थ. जी गोष्ट पटवायची आहे तो निष्कर्ष. जी माहिती दिली आहे तो आधार. आणि आधारावरून निष्कर्षापर्यंत जाताना बोलणाऱ्याने न सांगता मनात धरून चाललेली गोष्ट म्हणजे गृहीतक.

कोकणात ओढ्यावर साकव असतो. या काठावर आधार, त्या काठावर निष्कर्ष आणि मधल्या फळ्या म्हणजे गृहीतकं. युक्तिवाद कमकुवत करा म्हटलं की एखादी फळी निखळवायची. बळकट करा म्हटलं की जी डुगडुगतेय तिला खिळा मारायचा. काठांना हात लावायचा नाही. उताऱ्यात दिलेली माहिती खोटी आहे, असं म्हणायची मुभा तुम्हाला नाही. ती खरीच धरायची. वाद फक्त फळ्यांबद्दल.

आठ बोअर, सातांना पाणी

आता हा युक्तिवाद पाहा. मी रचलेला आहे, पण असं बोलणं गावोगाव ऐकू येतं. पाणाड्या म्हणजे हातावर नारळ ठेवून जमिनीखालचं पाणी कुठे आहे ते सांगणारा माणूस.

‘गेल्या उन्हाळ्यात आमच्या गावात आठ शेतकऱ्यांनी पाणाड्याने दाखवलेल्या जागी बोअर घेतल्या. त्यांतल्या सातांना पाणी लागलं. म्हणजे त्या पाणाड्याला जमिनीखालचं पाणी ओळखता येतं.’

प्रश्न: खालीलपैकी कोणतं विधान, खरं मानल्यास, हा युक्तिवाद सर्वाधिक कमकुवत करेल?

१. हा पाणाड्या जागा दाखवण्याचे पैसे घेत नाही.
२. भूजल शोधणाऱ्या यंत्रांचा अंदाजही कधीकधी चुकतो.
३. त्याच उन्हाळ्यात त्याच शिवारात पाणाड्याला न विचारता घेतलेल्या दहा बोअरांपैकी नऊंना पाणी लागलं.
४. आठवी बोअर ६०० फुटांपर्यंत नेली तरी कोरडीच गेली.
५. पाणी लागलेल्या सातांपैकी दोन बोअरांचं पाणी मे महिन्यात कमी झालं.

ऑप्शन वाचण्याआधी थांबून स्वतःला विचारायचं: सातांना पाणी लागलं हे मान्य, तरीही पाणाड्याला पाणी ओळखता येत नसेल, असं कसं होऊ शकेल? उत्तर लगेच सुचतं. त्या शिवारात कुठेही खणलं तरी पाणी लागत असेल तर? ही निखळू शकणारी फळी. बोलणाऱ्याने मनात धरलंय की पाणाड्या नसता तर इतक्या बोअरांना पाणी लागलं नसतं. तिसरा ऑप्शन थेट तिच्यावर येतो.

बाकीचे चार का नाहीत, हे समजून घेणं बरोबर उत्तर ओळखण्याइतकंच मोलाचं आहे. पहिल्याने माणूस भला आहे एवढं कळतं. भलेपणा आणि पाणी ओळखण्याची ताकद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरा ऑप्शन यंत्रांबद्दल बोलतो, आणि आपल्या युक्तिवादात यंत्र नाहीच. चौथा मोठा फसवा आहे. आठवी बोअर कोरडी गेली हे आपल्याला आधीपासून ठाऊक होतं. ‘आठांपैकी सात’ म्हणताना बोलणाऱ्याने ते मान्य केलेलंच आहे. तो ऑप्शन फक्त फुटांचा आकडा जोडतो. पाचवा वाचताना मन हलतं, पण निष्कर्ष पाणी ओळखण्याबद्दल आहे, ते बारमाही टिकेल असं कोणी म्हटलेलं नाही.

आता तिसऱ्या ऑप्शनमधला एकच आकडा बदला. पाणाड्याला न विचारता घेतलेल्या दहांपैकी फक्त एका बोअरला पाणी लागलं, असं म्हणा. तेच वाक्य, तीच जागा, पण आता ते युक्तिवाद बळकट करतं. बळकट करणारे आणि कमकुवत करणारे प्रश्न मुलं दोन वेगळी प्रकरणं म्हणून शिकतात, वेगळ्या वह्या करतात. त्याची गरज नाही. दोन्हींत शोधायची फळी तीच असते. फरक फक्त शेवटी ती काढायची की ठोकायची, एवढाच.

निष्कर्ष अक्षरशः वाचा

हा मुद्दा मला सर्वात महत्त्वाचा वाटतो.

समजा, नवीन माहिती अशी आली: ‘हा पाणाड्या जागा दाखवण्याआधी शिवारभर फिरतो, जुन्या विहिरींची पातळी बघतो, ओढा कुठून वाहतो आणि उंबराची झाडं कुठे आहेत ते पाहून ठेवतो.’

याने युक्तिवाद कमकुवत होतो का? वर्गात विचारलं की निम्मे हात वर येतात. पण निष्कर्ष काय होता? त्याला पाणी ओळखता येतं. विहिरी आणि झाडं पाहून ओळखत असेल, तरी ओळखतोच आहे. उलट त्याच्या यशामागे समजण्यासारखं कारण सापडलं, म्हणून युक्तिवादाला थोडं बळच आलं. महाराष्ट्राचा बहुतांश भाग काळ्या बेसॉल्टचा आहे. त्यात पाणी खडकाच्या भेगांत आणि झिजलेल्या थरांत साठतं. नजर बसलेल्या माणसाला जमिनीच्या उतारावरून काही अंदाज येत असेल, यात अशक्य असं काही नाही.

पण निष्कर्ष जर ‘हातावरचा नारळ उभा राहून पाणी दाखवतो’ असा असता, तर याच माहितीने त्याची मोठी फळी निखळली असती. कारण मग श्रेय नारळाचं की निरीक्षणाचं, हा प्रश्न उभा राहतो.

एकच माहिती एका निष्कर्षाला टेकू देते आणि दुसऱ्याला धक्का. म्हणून ‘हा ऑप्शन विषयाच्या विरोधात आहे का’ असं विचारू नका. ‘हा ऑप्शन या वाक्याच्या विरोधात आहे का’ असं विचारा. माझ्या पाहण्यात चुकणाऱ्यांपैकी बहुतेकांनी निष्कर्ष नुसता नजरेखालून घातलेला असतो. ‘काही’, ‘बहुतेक’, ‘केवळ’, ‘मुख्य कारण’, ‘नक्कीच’ हे छोटे शब्द त्यांनी वाचलेलेच नसतात. ‘मुख्य कारण’ असा निष्कर्ष असेल तर दुसरं मोठं कारण दाखवून तो ढिला करता येतो. ‘एक कारण’ एवढाच असेल तर दुसरं कारण दाखवून फारसं काही बिघडत नाही.

कारण कोणतं आणि परिणाम कोणता

या प्रश्नांतले पुष्कळ प्रश्न कार्यकारणाचे असतात: अमुक घडलं, तमुकही घडलं, म्हणून अमुकमुळे तमुक. अशा युक्तिवादात निखळणाऱ्या फळ्या ठरलेल्या आहेत.

एक, कारण नसतानाही परिणाम झालाच असता. पाणाड्याचं उदाहरण याच जातीचं. दोन, बाण उलटा आहे. ‘ज्या मुलांना शिकवणी लावली आहे त्यांचे गुण इतरांपेक्षा कमी आहेत, म्हणजे शिकवणीने गुण घटतात.’ पण गुण कमी होते म्हणूनच आईवडिलांनी शिकवणी लावली असेल तर? तीन, दोन्हींच्या मागे तिसरीच गोष्ट आहे. उकाडा वाढला की उसाचा रस जास्त खपतो आणि विजेची मागणीही वाढते. रसाच्या खपामुळे विजेची मागणी वाढली, असं कोणी म्हणणार नाही. उरला निव्वळ योगायोग. आकडे थोडे असले की तो आठवायचा.

बळकट करायचं तर यांतली एखादी शक्यता बंद करायची. मुलांना हे आधी चमत्कारिक वाटतं, कारण असा ऑप्शन निष्कर्षाच्या बाजूने काहीच बोलताना दिसत नाही. ‘शिकवणी लावण्याआधी दोन्ही गटांचे गुण सारखे होते’ हे वाक्य शिकवणीची निंदा करत नाही. ते नुसतं एक दार बंद करतं, पण युक्तिवादाला बळ मिळतं.

भायखळ्याच्या तुरुंगात काय झालं

दार बंद करणं म्हणजे काय, हे मुंबईने सव्वाशे वर्षांपूर्वी पाहिलं आहे.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. ऑक्टोबरमध्ये जीवाणूशास्त्रज्ञ वाल्देमार हाफकिन मुंबईत आले, ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांनी लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. जे कैदी स्वतःहून तयार झाले त्यांना, म्हणजे सुमारे निम्म्यांना, लस दिली गेली. लस न घेतलेल्यांत प्लेगचे रुग्ण आणि मृत्यू दोन्ही बरेच जास्त निघाले. निष्कर्ष: लसीमुळे प्लेगपासून बचाव होतो.

आता परीक्षेच्या नजरेने पाहा. शहरातल्या दोन माणसांची अशी तुलना केली असती तर शंभर फळ्या डुगडुगल्या असत्या. एकाचं घर हवेशीर, दुसऱ्याचं कोंदट. एकाला पोटभर अन्न, दुसऱ्याला नाही. एक गाव सोडून गेला, दुसरा धान्याच्या गोदामात राबत राहिला. तुरुंगात सगळ्यांना तेच जेवण, तेच पाणी, त्याच भिंती. म्हणजे ‘दोन गटांचं राहणीमान सारखं होतं’ हे बळकट करणारं विधान त्या जागेनेच पुरवलं.

एक फळी मात्र सैल राहिली. लस घेणारे स्वतःहून पुढे आले होते. जे पुढे येतात ते मुळातच अधिक धडधाकट किंवा अधिक काळजी घेणारे असतील तर? आजच्या प्रश्नपत्रिकेत अचूक उत्तर ठरेल अशी ही शंका आहे. पुढच्या वर्षी, १८९८ मध्ये, उमरखाडीच्या तुरुंगात ती फळीही ठोकून घेतली गेली. कैद्यांना रांगेत बसवून एक सोडून एक अशी लस टोचली गेली. कोणाला लस मिळायची हे माणसाच्या इच्छेवर नाही, रांगेतल्या जागेवर ठरलं. तिथेही लस घेतलेल्यांनाच प्लेग कमी झाला.

परळची संस्था आज हाफकिन यांच्या नावाने ओळखली जाते. मी मुलांना नेहमी सांगतो की उमरखाडीची ती रांग डोळ्यांसमोर आणा. दोन गटांची तुलना दिसली की पहिला प्रश्न हाच: गट पडले कसे?

टक्के आणि सर्वेक्षणं

यांवर फार वेळ नको. टक्का दिसला की ‘कशाच्या’ हे विचारायचं. ‘अपघातात सापडलेल्या दुचाकीस्वारांपैकी ८० टक्के घरापासून पाच किलोमीटरच्या आत होते, म्हणून जवळचा प्रवास जास्त धोक्याचा.’ समजा, दुचाकीचा ९० टक्के प्रवास त्या पाच किलोमीटरांतच होत असेल, तर युक्तिवाद कोसळतो. सर्वेक्षण दिसलं की विचारलेली माणसं सगळ्यांसारखी होती का, ते पाहायचं. ‘हे करा म्हणजे ते होईल’ अशी योजना दिसली की ती राबवता येईल का आणि वाटेत नवीन अडचण उभी राहील का, ते पाहायचं.

‘पण हे विधान खरं कशावरून?’

हा आक्षेप दर बॅचमध्ये येतो. उत्तर प्रश्नातच असतं: ‘खरं मानल्यास’. हे दोन शब्द मुलं शोभेचे समजतात, पण प्रश्न उभा असतो तो त्यांच्यावरच. ऑप्शन खरा आहे की नाही, हे ठरवायचं काम तुमचं नाही. तो खरा निघाला तर युक्तिवादाचं काय होईल, एवढंच विचारलेलं आहे. निष्कर्ष काढण्याच्या प्रश्नांत हे उलटं असतं. तिथे उतारा खरा मानून ऑप्शन तपासायचा, इथे ऑप्शन खरा मानून उतारा तपासायचा. दिशा चुकली की हमखास चूक होते.

एक मुलगी पाणाड्याच्या प्रश्नात चौथ्या ऑप्शनवर अडून बसली होती. सुटीत भेटल्यावर तिने सांगितलं, तिच्या वडिलांनी पाणाड्याच्या शब्दावर कर्ज काढून बोअर घेतली होती आणि ती कोरडी गेली. आठवी बोअर तिच्यासाठी नुसता आकडा नव्हती. तिला चूक कशी म्हणायचं? मी एवढंच म्हटलं की तिचा अनुभव खरा आहे आणि मोठा आहे. पण हा प्रश्न तिच्या वडिलांच्या बोअरबद्दल नाही, सात बोअरांना पाणी का लागलं याबद्दल आहे. ज्या विषयावर आपलं मन दुखलेलं असतं किंवा मत ठाम असतं, त्या उताऱ्याशी जरा जास्त सावध राहावं लागतं.

‘एवढ्याने युक्तिवाद खोटा ठरत नाही ना?’

नाही, आणि तसा तो ठरवायचाही नसतो. कमकुवत करणं म्हणजे शंका वाढवणं. नऊ बोअरांची माहिती आल्यावरही पाणाड्याला खरंच पाणी ओळखता येत असेल, ही शक्यता उरते. आठांपैकी सात हा पुरावा मात्र आता तिला सिद्ध करायला पुरत नाही. तसंच बळकट करणं म्हणजे सिद्ध करणं नव्हे. पूर्ण खात्री देणारा ऑप्शन शोधत बसणारी मुलं बरोबर उत्तरावरून पुढे निघून जातात.

याच्याशी जोडलेली आणखी एक अडचण. ‘पुढीलपैकी एक वगळता सर्व विधानं युक्तिवाद कमकुवत करतात’ असा प्रश्न आला की मुलं बळकट करणारा ऑप्शन शोधू लागतात. उत्तर बळकट करणारंच असेल असं नाही. कशालाच न शिवणारं विधानही चालतं. पाणाड्या पैसे घेत नाही, हे तसं विधान.

बँकांच्या परीक्षांत ‘सबळ आणि दुर्बळ युक्तिवाद’ असा जुना प्रकार असतो. तो दिसायला सारखा, पण वेगळा. तिथे ‘अमुक करावं का?’ असा प्रश्न देऊन एकेक युक्तिवाद स्वतंत्रपणे पारखायचा असतो. त्याची पद्धत इथे लावू नका.

दोनच ऑप्शन उरले तर

क्लॅटमध्ये चुकीच्या उत्तराला पाव गुण जातो, म्हणून दोघांत अडकलेला माणूस घाबरतो. अशा वेळी दोन्ही ऑप्शन पुन्हापुन्हा वाचून काही मिळत नाही. परत निष्कर्षाकडे जा, आणि एकेक ऑप्शन खरा धरून निष्कर्षावरचा विश्वास किती हलला, ते पाहा. एखादा ऑप्शन लागू पडण्यासाठी तुम्हाला आपल्या मनाने एक वाक्य जोडावं लागत असेल, तर सहसा तो सोडा. पाचव्या ऑप्शनचं तसंच होतं. ‘मे महिन्यात कमी होणारं पाणी म्हणजे खरं पाणी नव्हेच’ हे वाक्य तुम्ही जोडलं, तरच तो लागू पडतो.

लंडनचा पंप: दोन निष्कर्ष

सरावासाठी एक खरी घटना देतो. १८५४ च्या ऑगस्टअखेर लंडनच्या सोहो भागात ब्रॉड स्ट्रीटच्या आसपास कॉलरा उसळला आणि दहा दिवसांत पाचशेहून अधिक माणसं गेली. डॉ. जॉन स्नो यांचं म्हणणं होतं की तिथल्या पंपाच्या पाण्यातून रोग पसरतोय. ८ सप्टेंबरला पंपाचा दांडा काढला गेला आणि साथ ओसरली.

पहिला निष्कर्ष: दांडा काढल्यामुळे साथ थांबली. दुसरा निष्कर्ष: रोग पंपाच्या पाण्यातून पसरला.

आता माहिती अशी: दांडा निघण्याआधीच मृत्यू कमी होऊ लागले होते आणि पुष्कळ लोक वस्ती सोडून गेले होते. स्नो यांनी स्वतःच हे नोंदवलं आहे. याने पहिला निष्कर्ष चांगलाच ढिला होतो. दुसऱ्याला मात्र धक्का बसत नाही, कारण साथ कशाने ओसरली आणि ती कशाने पसरली, हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

दुसऱ्या निष्कर्षासाठी स्नो वेगळीच माहिती गोळा करत होते. पंपाजवळच्या दारूच्या भट्टीत सत्तरहून जास्त कामगार होते. त्यांना बिअर मिळे, पंपाचं पाणी ते पीत नसत, आणि त्यांच्यातलं कोणी दगावलं नाही. जवळच गरिबांना ठेवून कामाला लावणारी एक संस्था होती. तिथे ५३५ माणसं होती, स्वतःची विहीर होती आणि मृत्यू फक्त पाच झाले. तरीही एक शंका उरते: रोग त्या वस्तीच्या दूषित हवेतून पसरला असेल तर? त्या काळी बहुतेक डॉक्टर तसंच मानत.

ती शंका हॅम्पस्टेडच्या एका विधवा बाईमुळे मिटते. ती ब्रॉड स्ट्रीटपासून मैलोगणती दूर राहत होती आणि कित्येक महिने त्या वस्तीत फिरकलीही नव्हती. तिला त्या पंपाच्या पाण्याची चव आवडायची, म्हणून ती ते पाणी रोज बाटलीत भरून आणवत असे. ३१ ऑगस्टला आलेलं पाणी ती प्यायली आणि २ सप्टेंबरला कॉलऱ्याने गेली. भेटीला आलेल्या भाचीनेही तेच पाणी प्यायलं होतं. ती इस्लिंग्टनला आपल्या घरी परतली आणि तीही गेली. त्या दोन्ही ठिकाणी तेव्हा कॉलरा नव्हता.